आपला बाब्या, शेजारचं कार्टं आणि हेगची शाळा

गेल्या गणपतीत आरती आटोपली, मोदकांचं ताट दुसऱ्यांदा फिरलं आणि गप्पा घरांच्या किमतींवरून मुलांच्या शाळांवर आल्या. नेदरलँड्समधली मराठी माणसं एकत्र जमली की हा रस्ता ठरलेला. आमच्यातली एक बँकेत चांगल्या हुद्द्यावर आहे, पगारातून किती कर कापला जातो ते तिला आकड्यासकट पाठ असतं. तिने वाटीतला मोदक तसाच ठेवून विचारलं, ‘‘म्हणजे माझ्या करातून इथे मदरसे चालतात? आणि सरकार मुकाट्याने पैसे देतं?’’ तिच्या नव्या घराजवळ इस्लामी प्राथमिक शाळा सुरू होणार असल्याचं पत्रक तिच्या टपालपेटीत पडलं होतं.

मी म्हटलं, देतं. शिक्षकांचा पगार, इमारत, वीज, वह्या-पुस्तकं, सगळं. आणि तुझ्या त्याच करातून इथे हेगमध्ये १९८८ पासून हिंदू प्राथमिक शाळाही चालते. रॉटरडॅम आणि ॲमस्टरडॅममध्येही आहेत.

ती थोडी थांबली. ‘‘ते वेगळं गं,’’ म्हणाली.

काय वेगळं, ते ना तिला सांगता आलं, ना कुणी विचारलं. तेवढ्यात चहा आला. माझ्या डोक्यातून मात्र ते गेलं नाही. कारण या देशातल्या इस्लामी शाळांवरच्या गेल्या छत्तीस-सदतीस वर्षांच्या वादात फिरून फिरून हेच म्हटलं गेलंय. कॅथलिक शाळा आहे? असू दे. प्रोटेस्टंट आहे? असायचीच. इस्लामी? ते वेगळं.

आधी तो मदरसा शब्द बाजूला ठेवू. इथली इस्लामी प्राथमिक शाळा म्हणजे आपल्याकडची खासगी अनुदानित शाळा, फक्त पहिल्या दिवसापासून शंभर टक्के अनुदानवाली. वीस टक्के, चाळीस टक्के अशा टप्प्यांसाठी आझाद मैदानावर बसलेल्या शिक्षकांना सांगितलं तर हेवा वाटेल. संस्था खासगी, पैसा सरकारचा, शिकवण्याची उद्दिष्टं सरकारने ठरवलेली. मूल चौथ्या वर्षी येतं आणि बाराव्या वर्षी बाहेर पडतं. या आठ वर्षांत किमान ७५२० तास शिकवणं झालंच पाहिजे, असा नियम आहे. त्यात आठवड्याचे एक-दोन तास धर्माचे. उरलेल्या वेळात डच, गणित, भूगोल, आणि हा देश असल्यामुळे रहदारीचे नियम आणि सायकलची परीक्षा.

मी अशी एक शाळा आतून पाहिली आहे. आमची शेजारीण मोरोक्कन-डच, तिची मुलगी माझ्या मुलाच्या वयाची. शाळांच्या खुल्या दिवशी ती म्हणाली, चल, बघ तरी. दाराशी चपलांचा ढीग असेल अशी माझी कल्पना होती. नव्हता. प्रार्थनेची एक गालिचा घातलेली खोली होती, बूट तिथेच काढायचे. सहा वर्षांच्या मुलांच्या वर्गात भिंतीवर चंद्र, गुलाब आणि मासा यांची चित्रं आणि खाली शब्द: मान, रोस, विस. माझा मुलगाही दोन गल्ल्या पलीकडच्या सरकारी शाळेत याच शब्दांवरून वाचायला लागला होता. बाई डच, डोक्यावर काही नाही, बोलण्याला उत्तरेकडचा हेल. दिनदर्शिकेवर दोन्ही ईद लाल शाईत. एक गोष्ट खटकली, तीही सांगते. वर्गातल्या तीन-चार मुलींच्या डोक्याला रुमाल होता. मी मुख्याध्यापकांना विचारलं, तर म्हणाले, सक्ती नाही, हौसेने घालतात. सहा वर्षांच्या पोरीच्या बाबतीत आईची इच्छा कुठे संपते आणि तिची हौस कुठे सुरू होते, हे कोण ठरवणार? हा प्रश्न मी त्या दिवशी घरी घेऊन आले, तो अजून घरातच आहे.

पण पैशाचा प्रश्न त्याहून जुना आहे, आणि तो मुसलमानांनी उभा केलेला नाही.

एकोणिसाव्या शतकातल्या डच सरकारी शाळेत ‘ख्रिस्ती आणि सामाजिक सद्‌गुण’ शिकवत. सर्वांना चालेल असा पातळ धर्म. कडव्या कॅल्व्हिनपंथी प्रोटेस्टंटांना तो फारच पातळ लागे आणि कॅथलिकांना त्यात प्रोटेस्टंट वास येई. १८४८ मध्ये उदारमतवादी नेते थोरबेके यांच्या घटनेने स्वतःची शाळा काढायचं स्वातंत्र्य दिलं, पैसा दिला नाही. १८७८ मध्ये उदारमतवादी सरकारने शाळांच्या इमारती आणि शिक्षक यांचे निकष वाढवणारा कायदा आणला. सरकारी शाळांचा वाढीव खर्च तिजोरीतून निघणार होता, धार्मिक शाळांनी मात्र आपलं आपण बघायचं. त्यावर प्रोटेस्टंट पालकांनी राजाकडे अर्ज केला, तीन लाखांहून अधिक सह्यांचा. कॅथलिकांनी वेगळा केला, त्यावर दीड लाखाहून अधिक सह्या. त्या काळी मताचा हक्क मूठभर करदात्या पुरुषांना होता. सह्या करणाऱ्यांतले बहुतेक मतदारच नव्हते. राजा तिसऱ्या विल्यमने अर्ज घेतला आणि कायद्यावर सही केली.

त्या सह्यांतून एक पक्ष उभा राहिला. आब्राहम कायपर हे पाद्री, वर्तमानपत्राचे संपादक, पुढे पंतप्रधान. त्यांनी ‘छोट्या माणसां’ना, म्हणजे दुकानदार, कारागीर आणि शेतकऱ्यांना संघटित केलं. १८८९ मध्ये धार्मिक शाळांना पहिलं तुटपुंजं अनुदान मिळालं. आणि १९१७ मध्ये सौदा झाला. उदारमतवादी आणि समाजवाद्यांना सर्व पुरुषांना मताधिकार हवा होता. धार्मिक पक्षांना सर्व शाळांना सारखा पैसा हवा होता. दोघांनी एकमेकांचं पदरात टाकलं. तेच आजच्या राज्यघटनेतलं कलम २३. आज या देशातली दोन तृतीयांशाच्या आसपास मुलं खासगी संस्थांच्या, पण पूर्ण सरकारी पैशाच्या प्राथमिक शाळांत जातात. त्यात कॅथलिक आल्या, प्रोटेस्टंट आल्या, माँटेसरी आल्या, आणि शंभरातली एखादी इस्लामी.

१९१७ हे साल मला आणखी एका कारणाने लक्षात राहतं. मी कोल्हापूरची. त्याच वर्षी शाहू महाराजांनी संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. दसरा चौकातून जाताना मुस्लिम बोर्डिंगची इमारत लागते, ती १९०६ च्या त्यांच्याच प्रयत्नांतून आलेली. मराठा, जैन, लिंगायत, प्रत्येक समाजाचं बोर्डिंग वेगळं, कारण गावाकडच्या पोराला शहरात आधी आपल्या माणसांत ताट मिळालं पाहिजे. पण १९१९ मध्ये महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून ती मुलं सर्वांच्या शाळेत बसवली. बोर्डिंग वेगळं, शाळा एक. मी या विचारात वाढले आणि आजही मनाने तिथेच आहे. माझ्या मुलाला मी हिंदू शाळेत घातलं नाही, सरकारी शाळेत घातलं.

डचांनी नेमकं उलट केलं: शाळा वेगळ्या, तपासनीस एक. मला हे आवडत नाही. पण मला न आवडणं आणि ते फक्त मुसलमानांपुरतं रद्द करणं, यात फार मोठं अंतर आहे.

‘यांची निष्ठा बाहेरच्या सत्तेकडे आहे’ हा इस्लामी शाळांवरचा आरोप घ्या. या देशाला तो नवा नाही, फक्त आरोपी बदललेत. १८५३ मध्ये रोमने नेदरलँड्समध्ये पुन्हा बिशप नेमले, तेव्हा प्रोटेस्टंट जनता एवढी खवळली की पंतप्रधान थोरबेके यांना पायउतार व्हावं लागलं. कॅथलिक माणूस पोपचं ऐकणार की राजाचं, असा तो सवाल होता. आणि भीती अगदीच निराधार होती असंही नाही. शंभर वर्षांनी, १९५४ मध्ये, डच बिशपांनी पत्रक काढून कॅथलिकांना समाजवादी कामगार संघटनेत जायला मनाई केली. समाजवाद्यांचा रेडिओ ऐकण्यावरही बंदी घातली. शाळा आपली, दवाखाना आपला, वर्तमानपत्र आपलं, फुटबॉलचा क्लब आपला. कॅथलिकांचं शेळीपालन मंडळसुद्धा वेगळं होतं, असं डच लोक आजही हसत सांगतात. समाज म्हणजे शेजारी शेजारी उभे खांब, एकमेकांना न टेकणारे. खांबांवर छप्पर मात्र एक.

ते खांब कुणी पाडले नाहीत. साठीच्या दशकात आतूनच पोखरले गेले. आज कॅथलिक म्हणवणाऱ्या बऱ्याच शाळांत ख्रिसमसची न्याहारी आणि पाटीवरचं संताचं नाव एवढंच कॅथलिकपण उरलंय. तिथल्या निम्म्या पालकांना चर्चचा दरवाजा कोणत्या बाजूला उघडतो ते सांगता येणार नाही. अर्थात सगळ्यांचं तसं झालेलं नाही. नैऋत्येकडून पूर्वेकडे तिरपा जाणारा ‘बायबल पट्टा’ आहे, तिथल्या कडव्या प्रोटेस्टंट शाळा शंभर वर्षांत तसूभर पातळ झालेल्या नाहीत. तेव्हा ‘अनुदान द्या, दोन पिढ्यांत सगळं निवळेल’ असं मी म्हणणार नाही. कधी निवळतं, कधी नाही.

तुर्कस्तानशी १९६४ मध्ये आणि मोरोक्कोशी १९६९ मध्ये कामगार आणायचे करार झाले. माणसं दोन वर्षांसाठी आली आणि राहिली, बायका-मुलं आली. १९८८ मध्ये रॉटरडॅम आणि आइंडहोव्हन इथे पहिल्या इस्लामी प्राथमिक शाळा उघडल्या. हेगमधली हिंदू शाळा त्याच वर्षीची. ती काढणारे भारतातून आलेले नव्हते. १८७३ पासून कलकत्त्याहून जहाजांत भरून दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाम या डच वसाहतीतल्या मळ्यांवर नेलेल्या गिरमिटियांची, म्हणजे करारावरच्या मजुरांची, ती नातवंडं-पणतवंडं, सुरिनामच्या १९७५ च्या स्वातंत्र्याच्या सुमारास इकडे आलेली. दोन्ही शाळांना वाट करून दिली ती कायपरच्या छोट्या माणसांनी. कलमात ‘ख्रिस्ती’ असा शब्दच नव्हता.

त्यानंतरची वीस वर्षं इस्लामी शाळांना सुखाची गेली नाहीत, आणि सगळा दोष दुसऱ्यांचा नव्हता. २००२ मध्ये गुप्तचर खात्याने अहवाल दिला की काही शाळांमध्ये परदेशी पैसा आणि कडव्या गटांची माणसं शिरली आहेत. त्याच वर्षी शिक्षण तपासणी खात्याने वर्गात जाऊन पाहिलं, तर जवळपास सगळीकडे शिकवणं समाजाला जोडणारंच होतं. दोन्ही अहवाल खरे असू शकतात. संचालक मंडळाच्या खोलीत एक चाललेलं असतं आणि चौथीच्या वर्गात दुसरंच. आपल्याकडच्या शिक्षणसंस्था ज्यांनी जवळून पाहिल्यात त्यांना हे समजवायला नको. मग नोव्हेंबर २००४. चित्रपट दिग्दर्शक थिओ व्हॅन गॉग यांचा ॲमस्टरडॅममध्ये भर रस्त्यात एका इस्लामी अतिरेक्याने खून केला. आठवड्याभरात आइंडहोव्हनच्या इस्लामी शाळेच्या दारात बॉम्ब फुटला आणि युडन गावातली शाळा जळून गेली. काळ्या पडलेल्या भिंतींपुढे दप्तरं घेऊन उभी असलेली मुलं चार ते बारा वर्षांची होती.

२००८ मध्ये तपासणी खात्याने इस्लामी शाळांचे हिशेब उघडले. बहुतेक मंडळांनी सरकारी पैसा कुठे ना कुठे नियमाबाहेर खर्च केला होता. बऱ्याच शाळांचा दर्जाही कमकुवत ठरला. एकाच घरातली माणसं संचालक, मुख्याध्यापक आणि कंत्राटदार. संस्थाचालक हा प्राणी धर्मनिरपेक्ष असतो, याचा मला तेव्हा आलेला हा पहिला परदेशी अनुभव.

पुढे काय झालं ते मात्र गणपतीतल्या गप्पांत कधी येत नाही. खात्याने कमकुवत शाळांना यादीत टाकलं, मुदती दिल्या, काहींचे पैसे परत मागितले. मंडळं बदलली, काही विलीन झाली. ॲमस्टरडॅमचं एक माध्यमिक विद्यालय अनुदान काढून घेतल्यावर बंद पडलं. रॉटरडॅममधलं दुसरं २०१३ मध्ये शालान्त परीक्षेचे पेपर चोरीला गेल्यानंतर गेलं. प्राथमिक शाळा सावरल्या. बारा वर्षांच्या मुलांची जी शेवटची परीक्षा असते, तिच्यात गेली काही वर्षं इस्लामी प्राथमिक शाळा, पालकांचं शिक्षण आणि उत्पन्न लक्षात घेतलं तर, देशाच्या सरासरीहून चांगल्या उतरताहेत. हिंदू शाळांचंही तसंच. याला चमत्कार म्हणायचं कारण नाही. घट्ट शिस्त, भाषेवर भर, आणि आपल्या मुलाकडून इथे कुणीतरी काहीतरी अपेक्षा ठेवतंय म्हणून शिक्षकांच्या बाजूने उभे राहणारे पालक. सरकारी शाळेत आमच्या शेजारणीच्या मोठ्या मुलाला बाई म्हणाल्या होत्या, हाताने काम करायची लाईन याला बरी. तो आज इंजिनिअर आहे, आणि ते वाक्य तिच्या अजून कानात आहे. धाकटीला तिने सहा किलोमीटरपलीकडच्या इस्लामी शाळेत घातलं, त्यामागे कुराण किती आणि ते वाक्य किती, हे मी कधी विचारलं नाही. मुलीला न्यायला रोज सकाळी पालिकेची टॅक्सी यायची. आपल्या पंथाची जवळची शाळा फार लांब असेल तर नेण्या-आणण्याचा खर्चही पालिकाच सोसते. तोही त्याच जुन्या सौद्याचा भाग.

माझं म्हणणं या सगळ्यातून आलंय. सरकारी पैसा म्हणजे इस्लामी शाळेवर केलेला उपकार नव्हे, ते दावं आहे. शब्द जरा रांगडा आहे, पण गोठ्यात वाढलेल्यांना कळेल: दावं गुराला बांधतं तसं धन्यालाही बांधतं. दावं आहे म्हणून तपासनीस कधीही वर्गात मागच्या बाकावर येऊन बसू शकतो, वही मागू शकतो, हिशेब मागू शकतो. दावं आहे म्हणून २००६ पासून नागरिकत्वाचं शिक्षण आणि २०१२ पासून लैंगिक विविधतेचा आदर हे विषय या शाळांनाही टाळता येत नाहीत. चौथीच्या बाई ते किती आवडीने शिकवतात हा प्रश्न आहेच. पण तो विचारायचा अधिकार दाव्यातूनच येतो.

दावं नसलं की काय होतं, तेही इथे दिसलं. २०१९ मध्ये पत्रकारांनी मशिदींत चालणाऱ्या शनिवार-रविवारच्या वर्गांची वह्या-पुस्तकं उघडी केली. काही सलफी, म्हणजे इस्लामच्या कर्मठ पंथाच्या, वर्गांत लहान मुलांना शिकवत होते की दुसऱ्या धर्माच्या लोकांपासून दूर राहा, आणि अशा गुन्ह्याला अशी शिक्षा, तशा गुन्ह्याला मृत्युदंड. देश हादरला. तपासणी खातं म्हणालं, आम्हाला तिथे पाऊल टाकायचा अधिकार नाही, कारण त्या शाळाच नव्हेत. एक छदाम सरकारी पैसा तिथे जात नाही. जे म्हणतात की अनुदान बंद केलं की धर्मशिक्षण संपेल, त्यांनी हे वर्ग डोळ्यांपुढे आणावेत. अनुदानित शाळेतले दोन तास मिटले तर ते नाहीसे होणार नाहीत, तळघरात जातील आणि दोनाचे दहा होतील.

आता विरोधकांचा सगळ्यात वजनदार मुद्दा. इस्लामी शाळेत फक्त मुसलमान मुलं, मग ती इतरांत मिसळणार कधी? खरा प्रश्न आहे. कोल्हापूरची मुलगी म्हणून मला तो टोचतोच. पण हेगच्या स्किल्डर्सवाइक या स्थलांतरितांच्या वस्तीत सकाळी सव्वाआठला सरकारी शाळेच्या दारात उभं राहा आणि किती डच आडनावं ऐकू येतात ते मोजा. इथे लोक सर्रास ‘काळी शाळा’, ‘पांढरी शाळा’ म्हणतात, तेही वर्तमानपत्रात. गोरे पालक मुलाला सायकलच्या पुढच्या पेटीत बसवतात आणि जवळच्या शाळेवरून पुढे पेडल मारत दूरच्या पांढऱ्या शाळेत नेतात. आमचे मराठी आयटीवालेही त्यात मागे नाहीत. घर घेताना आधी शाळेचे निकाल आणि मग हळूच ‘मुलं कशी आहेत तिथे’. म्हणजे जी एकत्र शाळा इस्लामी शाळेमुळे मोडते असं म्हणतात, ती मोडून तीस वर्षं झाली, आणि मोडणाऱ्यांत आपणही होतो.

मिसळणं खरंच हवं असेल तर बोट कलम २३ च्या दुसऱ्याच सांध्यावर ठेवावं लागेल. सरकारी शाळेला कुणालाही नाकारता येत नाही. खासगी अनुदानित शाळेला येतं, पालक तिच्या श्रद्धेचे नाहीत असं म्हटलं की झालं. १९८८ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने एका ज्यू विद्यालयाला हा अधिकार मान्य केला, मुलाची आई धार्मिक नियमांनुसार ज्यू ठरत नव्हती म्हणून. २०११ मध्ये फोलेनडाम गावातल्या एका कॅथलिक विद्यालयाने विद्यार्थिनीला डोक्याला रुमाल बांधायची बंदी केली आणि अपील न्यायालयाने शाळेची बाजू घेतली. गंमत पाहा: जे कलम एका शाळेला रुमाल चालवू देतं, तेच दुसरीला तो काढायला लावू देतं. सरकारी पैसा घेणाऱ्या प्रत्येक शाळेने येईल त्या मुलाला घेतलंच पाहिजे, ही मागणी डच संसदेत अनेकदा आली आणि धार्मिक पक्षांनी अनेकदा अडवली. मी त्या मागणीच्या बाजूची आहे. इस्लामी शाळांनाही लागू आणि बायबल पट्ट्यालाही लागू. हे मात्र इस्लामी शाळा बंद करा म्हणणाऱ्यांच्या तोंडून फारसं ऐकू येत नाही, कारण त्यात पांढऱ्या शाळेचं दारही उघडावं लागतं.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे इथे किती सहज होतं त्याचा एक नमुना. नोव्हेंबर २०२० मध्ये शिक्षणमंत्री आरी स्लोब संसदेत म्हणाले की समलिंगी संबंध नाकारणाऱ्या निवेदनावर पालकांची सही मागायची मुभा धार्मिक शाळांना आहे. विषय होता कडव्या प्रोटेस्टंट शाळांचा. गदारोळ झाला, दुसऱ्या दिवशी मंत्र्यांनी शब्द मागे घेतले. छान झालं. पण त्या आठवड्यात ‘सगळ्या प्रोटेस्टंट शाळा बंद करा’ असं म्हणणारं कुणी मला भेटलं नाही. उलट खेर्ट विल्डर्स यांच्या पक्षाने २०१८ मध्ये मशिदी, कुराण आणि इस्लामी शाळा यांच्यावर बंदीचं विधेयक रीतसर मांडलं होतं. २०२३ ची निवडणूक त्यांनी जिंकली, सरकार बनवायला इतर पक्ष हवे होते, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी ते मागे घेतलं. मत बदललं म्हणून नव्हे, आकडे जुळवायचे होते म्हणून.

यापेक्षा मला तो डच माणूस परवडतो जो म्हणतो, सगळ्याच धर्मांचा पैसा बंद करा, एकच सरकारी शाळा ठेवा. त्याचा तराजू तरी सरळ आहे. पण दोन तृतीयांश मुलांच्या शाळांचं काय करणार, हे त्याने सांगावं. घटना बदलायची तर मध्ये निवडणूक घेऊन दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं लागतात, आणि स्वतः चर्चला न जाणारे पालकही पोराच्या शाळेला हात लावू देत नाहीत. तोवर कलम आहे, आणि कलमात ‘ते वेगळं’ असं कुठेच लिहिलेलं नाही.

आणि आपल्या लोकांनी तरी हे जरा जपून बोलावं. भारताच्या घटनेतही कलम ३० आहे. संस्था अल्पसंख्याकांची आहे एवढ्यावरून अनुदानात भेदभाव करू नये, असं ते सांगतं. गोव्यात चर्चच्या इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान द्यायचं की नाही, यावर पक्ष आणि घरं कशी फाटली ते फार जुनं नाही. तिथे बहुसंख्य असताना आपण अनुदानाकडे एका डोळ्याने पाहतो आणि इथे अल्पसंख्य झाल्यावर दुसऱ्या. माझ्या त्या बँकेतल्या मैत्रिणीने पुढच्या महिन्यात हेगच्या हिंदू शाळेतल्या दिवाळीचे फोटो ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं होतं, किती अभिमान वाटतो ना! मी अंगठा दिला. शाळा खरंच चांगली आहे.

शेजारणीची मुलगी आता माध्यमिक शाळेत आहे. इस्लामी प्राथमिकमधून निघालेली बहुतेक मुलं बाराव्या वर्षी सर्वांच्या माध्यमिक शाळेत जातात, तशीच ती गेली. माझा मुलगा आणि ती एकाच वर्गात आले. पालिकेची टॅक्सी संपली, दोघं सायकलने जातात. परवा आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर डचचा गृहपाठ चालला होता. डच क्रियापदांची एक जुनी खोड आहे: उच्चार एकच, पण शेवटी नुसता द लिहायचा की द आणि त दोन्ही, ते कर्त्यावर ठरतं. मोठमोठे संपादक त्यात चुकतात. माझ्या चिरंजीवांनी त लिहिला नव्हता. तिने वही तिरकी करून पाहिली, त्याच्याच पेन्सिलीने तो शेवटी जोडला आणि म्हणाली, ‘‘तुमच्या शाळेत हे शिकवलं नाही का रे?’’